१५० मिमी कोल्ड रिसायकलिंग, फोम बिटुमेन: ओला आयटीएस कमी येतोय, सिमेंट वाढवावं का?

सोलापूर_साईट (प्रश्न)

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातल्या एका राज्यमार्गाचं काम आहे. लांबी ११ किमी, डांबरी रुंदी ७ मीटर, दोन्ही बाजूंना मुरमाच्या साइडपट्ट्या. गाळप हंगामात उसाच्या जोडट्रॉल्यांची रीघ लागते. गाड्या संथ, पण वजन भरपूर.

चाचणी खड्ड्यांत वरून खाली असं दिसलं: डांबरी थर ८० ते ११० मिमी (जुनी कारपेटं, सीलकोट, वर बीसी म्हणजे बिटुमिनस काँक्रीट), त्याखाली जुनं खडीकरण साधारण २२५ मिमी, मग १५० मिमी मुरूम आणि तळाला काळी माती. चाकोऱ्या १५ ते २५ मिमी खोल पडल्यात, चाकोरीत जाळीदार भेगा आहेत आणि ठिकठिकाणी पॅच.

डिझाइनमध्ये वरचे १५० मिमी जागेवरच फोम बिटुमेनने (गरम डांबरात पाणी सोडून फुगवलेला फेस) रिसायकल करून त्यावर ५० मिमी डीबीएम (डेन्स बिटुमिनस मॅकॅडम) आणि ३० मिमी बीसी धरलंय. लॅबचे आकडे असे:

व्हीजी-३० प्रतीचं डांबर, १६० अंशांवर: प्रसरण (फेस किती पट फुगतो) ७ पट, हाफ-लाइफ (फेस निम्मा बसायला लागणारा वेळ) ५ सेकंद
फोम २.४ टक्के, सिमेंट १ टक्का
ओएमसी (दबाईला सगळ्यात योग्य ओल) ६.४ टक्के, कमाल कोरडी घनता २.१ टन प्रति घनमीटर
आयटीएस (नमुना आडवा दाबून चिरताना मिळणारी ताकद) कोरडा २६८, पाण्यात भिजवून ओला ९२ किलोपास्कल
०.०७५ मिमी चाळणीतून पास: २.१ टक्के

ओल्याला किमान १०० हवेत. कोरडा छान येतोय, त्यामुळे सिमेंट २ टक्के केलं की सुटेल असं साईटवर म्हणतायत. हे बरोबर आहे का? की फोम सोडून इमल्शनकडे (पाण्यात मिसळलेलं डांबर) जावं? शिवाय रिसायकलरचा ड्रम २.४ मीटर आहे, ७ मीटरमध्ये कट कसे बसवायचे? आणि पावसाळ्याआधी किती काम अंगावर घ्यावं?

---

लॅब_कोपरा

सिमेंट वाढवू नका. दुखणं तुम्हीच शेवटच्या ओळीत लिहिलंय: ०.०७५ पास २.१ टक्के.

फोम झालेलं डांबर मोठ्या खडीला माखत नाही. फुगे फुटताना त्याचे बारीक थेंब होतात आणि ते सगळ्यात बारीक कणांना चिकटतात. डांबर आणि बारीक भुकटी यांचं जे मिश्रण होतं तेच मोठे दगड जागोजागी टाचून धरतं, वेल्डिंगच्या टाक्यांसारखं. भुकटीच नसेल तर थेंबांना बसायला जागा मिळत नाही, डांबर तंतू आणि गोळ्या होऊन पडतं. मग कोरडा नमुना सिमेंट आणि घर्षणावर तग धरतो, पाण्यात ठेवला की उघडा पडतो. तुमचे २६८ आणि ९२ नेमकं हेच सांगतायत.

फोमसाठी ०.०७५ पास किमान ४ ते ५ टक्के हवं. मिल केलेल्या डांबरी मालात ते जवळजवळ कधीच नसतं, कारण जुनी भुकटी जुन्या डांबरात अडकलेली असते. म्हणून क्रशरची डस्ट घाला. हिशोब सोपा आहे. डस्टमध्ये ०.०७५ पास १२ टक्के असेल आणि ती १५ टक्के घातली तर ०.८५ × २.१ अधिक ०.१५ × १२, म्हणजे ३.६ टक्के. वर १ टक्का सिमेंट धरलं की ४.६. बहुतेक तेवढ्यात काम होतं, नाहीतर २० टक्क्यांचा संच करून बघा. डस्ट न धुतलेलीच घ्या. हल्ली बऱ्याच क्रशरवर धुतलेली क्रश सँडच पुढे करतात आणि तिच्यात आपल्याला हवा तोच भाग वाहून गेलेला असतो. डस्टचा पीआयही (चिकणमातीचा निर्देशांक) काढा, कारण खाणीतली वरची माती क्रशरमध्ये गेली असेल तर भुकटी दिसते, पण ती चिकणमाती असते.

सिमेंट १ टक्क्यावर का थांबवायचं? आयआरसी:३७-२०१८ मध्ये (डांबरी रस्त्यांच्या डिझाइनची भारतीय मार्गदर्शिका) फोम किंवा इमल्शनने बांधलेल्या रॅपच्या, म्हणजे उकरलेल्या जुन्या डांबरी मालाच्या, थराला ८०० मेगापास्कल मॉड्युलस (ताठरपणाचा आकडा) धरतात. त्यामागे थर थोडा लवचीक राहील असं गृहीत आहे. २ टक्के सिमेंट घातलं की तो अर्धवट सिमेंटचा बेस होतो: ताठर, आकसून भेगा पडणारा, पण खऱ्या सिमेंट बेसइतका मजबूतही नाही. भेगा डीबीएममधून वर येतात आणि काळ्या मातीवर तर लवकरच. फोमचं प्रमाण सिमेंटपेक्षा कायम जास्त राहिलं पाहिजे. १ टक्का सिमेंट घालायचं ते भुकटी म्हणून आणि सुरुवातीच्या ओल्या ताकदीसाठी.

दुसरं म्हणजे तुमचा फोमच कमी पडतोय. प्रसरण किमान ८ पट आणि हाफ-लाइफ किमान ६ सेकंद हवी. डांबर १७० आणि १८० अंशांवर, पाणी २, २.५ आणि ३ टक्के, असा पूर्ण तक्ता करा. पाणी वाढवलं की प्रसरण वाढतं आणि हाफ-लाइफ घटते, म्हणून दोन्ही रेषा एका आलेखावर काढून मधली जागा निवडायची. व्हीजी-१० सहसा चांगलं फुगतं, तेही बघा. एवढं करूनही फोम येत नसेल तर डांबरात सिलिकॉनचा फेसरोधक असू शकतो. त्यावर साईटवर उपाय नाही, तो लॉट परत पाठवा.

नमुना कसा काढला तेही तपासा. पहार किंवा ब्रेकरने काढून हातोडीने फोडलेल्या मालाची चाळणी आणि ड्रमने कापलेल्या मालाची चाळणी यांत फार फरक पडतो. लहान मिलिंग मशीनने पूर्ण खोलीचा नमुना घ्या आणि ४० अंशांच्या वर तापवू नका, जुनं डांबर मऊ होऊन गोळे होतात. आयटीएसचे साचे १०० मिमी व्यासाचे, दोन्ही बाजूंना ७५ ठोके, ४० अंशांवर ७२ तास, मग ओल्या संचाला २५ अंशांच्या पाण्यात २४ तास. क्युअरिंगमध्ये एक दिवस कमीजास्त झाला तरी आकडे तुलनेला निरुपयोगी ठरतात.

आणि हे सगळं करण्याआधी डीसीपी, म्हणजे हातोड्याने टोकदार सळई ठोकून खालच्या थरांची ताकद मोजणं. चाकोरी वरच्या थरात आहे की काळ्या मातीतून आलीय, हे ठरल्याशिवाय १५० मिमीला अर्थ नाही. डांबरी थराला भोक पाडून दर २०० मीटरला, डाव्या-उजव्या चाकोरीत आळीपाळीने ८ किलोचा हातोडा चालवा. मुरूम संपून मातीत शिरल्यावर एका ठोक्याला ३० मिमी जात असेल तर आयआरसीच्या सूत्राने सीबीआर (मातीच्या भार पेलण्याच्या ताकदीचा आकडा) साधारण ६.५ येतो. ६० मिमी जात असेल तर ३. त्या दुसऱ्या प्रकारच्या तुकड्यांत वरचं कितीही चांगलं रिसायकल करा, पाणी आणि माती आपलं काम करणारच.

---

ग्रेडर_रोलर

वरच्या उत्तराला पूर्ण सहमती. मी मशीनचं आणि कटचं सांगतो.

तीन कट म्हणजे ७.२ मीटर. सांध्यावर किमान १५० मिमी एकमेकांवर यायला हवं, म्हणजे दोन सांध्यांचे ३०० मिमी गेले आणि हातात ६.९ उरले. ७ मीटरला तीन कट बसत नाहीत. ओव्हरलॅप १०० मिमीवर आणून बसवतात, पण ऑपरेटर जरा हलला की मध्ये न कापलेली पट्टी राहते आणि सहा महिन्यांत तिथे सरळ रेषेत भेग दिसते. चार कट धरा, अर्ध्या रुंदीला दोन. तसाही ट्रॅफिक चालू ठेवून अर्धा रस्ताच करायचा आहे.

पहिला कट काठाकडून घेऊ नका. काठापासून २.४ मीटरवर सांधा आला तर तो जवळजवळ आतल्या चाकोरीतच पडतो. मध्यरेषेकडून सुरू केलं तर सांधा काठापासून सव्वा मीटरच्या आसपास, दोन चाकोऱ्यांच्या मध्ये येतो. तरी आधी रस्त्यावरच्या चाकोऱ्या टेपने मोजा, कारण अरुंद रस्त्यावर गाड्या मध्याकडे सरकून चालतात. दुसरा कट काठाबाहेर जाऊ द्या, म्हणजे डीबीएमच्या कडेखाली बांधलेला थर येतो. मात्र साइडपट्टीचा मातकट मुरूम त्यात मिसळू नका; तेवढी पट्टी आधी काढून तिथे खडी-डस्ट भरा. दुसऱ्या कटात जितकी रुंदी आधीच झालेली आहे, तितके पाण्याचे आणि डांबराचे नोझल बंद करायचे. हे विसरलं की सांध्यावर दुप्पट पाणी पडतं, रोलरखाली तो पट्टा गिळगिळीत होतो आणि तिथेच पहिली चाकोरी पडते.

डस्ट घालायची असेल तर एका झपाट्यात काम करू नका. आधी कोरडा कट घेऊन माल मोकळा करा, ग्रेडरने चाकोऱ्या मोडून कॅम्बर (मध्यापासून कडेकडे उतार) आणा, हलका रोलर फिरवा, डस्ट पसरा आणि मग फोमचा कट. १५० मिमी आणि २.१ घनता धरली तर चौरस मीटरला ३१५ किलो माल. त्याच्या १५ टक्के म्हणजे ४७ किलो डस्ट, सैल असताना साधारण ३० मिमी जाडी. ती पेव्हरने किंवा डंपर-ग्रेडरने एकसारखी पसरा. ढीग टाकून हाताने विस्कटली तर प्रत्येक ढिगाच्या जागी पीठ आणि मधे उघडी खडी मिळेल.

सिमेंट १ टक्का म्हणजे चौरस मीटरला ३.१५ किलो. पोती वापरणार असाल तर २.४ मीटर पट्ट्यात दर ६.६ मीटरला एक पोतं ठेवा, मगच फोडा, आणि फळीने पूर्ण चौकोनात ओढा. मशीनपुढे शंभर-दीडशे मीटरपेक्षा जास्त पसरू नका. एप्रिलमध्ये दुपारी अकरानंतर वारा सुटतो, तेव्हा सिमेंट शेतात जातं.

डांबराचा खप धावत्या मीटरला १८ किलो. १६ टनांचा टँकर ८८० मीटरला पुरतो, पण तळ गाठू नका, गाळ नोझलमध्ये जातो. प्रत्येक टँकर जोडल्यावर आधी तापमान, मग टेस्ट नोझलवर फोम. १६० अंशांच्या खाली गेलं की तो टँकर थांबवा, ‘थोडंसंच कमी आहे’ असं चालत नाही. टँकर बदलताना मशीन जिथे थांबलं तिथे खूण करा आणि पुन्हा सुरू करताना दीडेक मीटर मागे घ्या. नाहीतर प्रत्येक टँकरला एक कोरडी आडवी पट्टी राहते.

मशीनचा वेग मिनिटाला ६ ते १० मीटर. जाळीदार भेगांच्या भागात डांबराच्या थाळ्या अख्ख्या उचलल्या जातात. तिथे वेग कमी करा आणि ड्रमसमोरचा ब्रेकर बार जवळ घ्या. ५० मिमीपेक्षा मोठ्या थाळ्या मागे दिसल्या तर हाताने वेचून टाका, त्या दाबल्या जात नाहीत. मागून चालणाऱ्या माणसाने मूठभर माल हातात दाबून बघत राहावं. लाडू वळला पाहिजे, तळहातावर बारीक काळे ठिपके सगळीकडे उमटले पाहिजेत. काळे तंतू दिसले तर डांबर थंड किंवा फोम फसलेला, आणि एकाच पट्ट्यात तंतू दिसले तर त्या ओळीतलं नोझल तुंबलंय. तळहात ओला झाला तर पाणी जास्त.

आता रोलिंग, इथे बरेच चुकतात. रिसायकलरची मागची चाकं दोन्ही कडांचा माल दाबत जातात, मधला सैल राहतो. अशा स्थितीत लगेच ग्रेडर घातला तर तो सैल माल चाकांच्या दाबलेल्या पट्ट्यांवर ओढतो आणि घनता कायमची असमान होते. म्हणून मशीनच्या पाठोपाठ १२ ते १५ टनी व्हायब्रेटरी रोलर, मोठ्या झेपेत (कंपनाची उंची जास्त ठेवून), आधी मधल्या भागावर आणि मग सगळ्यावर. त्यानंतर ग्रेडर, मग छोट्या झेपेत व्हायब्रेटरी, शेवटी हलकं पाणी मारत टायर रोलर. पृष्ठभाग घट्ट मिटेपर्यंत टायर रोलर हलवू नका. वरचे कण सुटे राहिले की रात्रीतून ट्रॉल्या ते उखडतात.

---

सोलापूर_साईट

मनापासून आभार. डस्टचा आणि व्हीजी-१० चा संच लावतोय. डीसीपी काही ठिकाणी झालीय: बहुतेक लांबीत मातीत २५ ते ३५ मिमी प्रति ठोका, पण कालव्यालगतच्या साधारण १ किमीत ५५ ते ६५.

दोन गोष्टी अजून विचारतो. इमल्शनला भुकटी कमी चालते असं ऐकलं, मग तेच सोपं नाही का? आणि उत्तर प्रदेशात एफडीआर (पूर्ण खोलीचं रिसायकलिंग) सिमेंटने करतात, ते इथे का नको, असंही वरून विचारलं जातंय.

---

मिलिंग_डेपो

इमल्शनला ०.०७५ पास २ टक्के असलं तरी निभतं, हे खरं. ते मोठ्या कणांनाही माखतं. पण त्याच्यासोबत येणारं पाणी मोजा. २.४ टक्के निव्वळ डांबर हवं तर ६० टक्क्यांचं इमल्शन ४ टक्के लागतं. दबाईच्या वेळी इमल्शन संपूर्ण द्रव म्हणून धरायचं. ओएमसी ६.४, म्हणजे जुन्या मालात आधीपासून २.४ टक्क्यांपेक्षा जास्त ओल असेल तर तुम्ही मर्यादेबाहेर. एप्रिल-मेमध्ये माळावर जमेल. कालव्याकाठी किंवा दिवाळीच्या सुमाराला त्या थरात ४-५ टक्के ओल सापडते, तिथे रोलर चढला की माल चाकापुढे लाटेसारखा पळतो आणि मग उकरून वाळवत बसावं लागतं.

दुसरा फरक वेळेचा. फोमचा थर संध्याकाळी वाहतुकीला देता येतो. इमल्शनला फुटायला (डांबर पाण्यापासून सुटं व्हायला), पाणी सोडायला वेळ लागतो आणि तोवर जोडट्रॉली त्यावर वळू देणं धोक्याचं. तिसरा वाहतुकीचा: १ किमीला तुमच्या मापाने २२०५ टन माल, त्याला फोमचं डांबर ५३ टन, इमल्शन ८८ टन. त्यातले ३५ टन नुसतं पाणी तुम्ही कारखान्यापासून वाहून आणता.

इमल्शनची बाजू मी तरीही पूर्ण सोडणार नाही. छोटं काम असेल, गरम डांबराचा टँकर आणि फोमचं मशीन त्या भागात मिळत नसेल, कोरडा महिना असेल, तर एसएस-२ ने (सावकाश फुटणारं इमल्शन) उत्तम थर होतो. एसएस-२ सुद्धा तुमच्याच डस्ट आणि १ टक्का सिमेंटसोबत मिसळून बघायचं. तपकिरी माल मिसळता मिसळताच काळा पडला तर ते मशीनच्या मागेच फुटणार, रोलर पोचेपर्यंत उशीर झालेला असेल. तुमच्या कामाला, म्हणजे ११ किमी, चालू वाहतूक आणि उसाच्या पट्ट्यातली ओल, यांना माझं मत फोमकडे.

फोमला इथे अजून थोडं गूढ मानतात म्हणून सांगतो, कल्पना जुनी आहे. आयोवा स्टेट विद्यापीठात लॅडिस चान्यी यांनी १९५०च्या दशकात गरम डांबरात वाफ सोडून हे केलं. वाफेचा बॉयलर साईटवर कुणालाच परवडेना, तो पुढे ऑस्ट्रेलियात मोबिलने काढून टाकला आणि वाफेच्या जागी साधं थंड पाणी आलं. त्यामुळेच आज रिसायकलरवर एक पाण्याची नळी पुरते.

आता सिमेंट. उत्तर प्रदेशात प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात सिमेंट आणि स्टॅबिलायझर घालून एफडीआर झालंय, पण ते ग्रामीण रस्ते आहेत: वरचा डांबरी थर पातळ, खालची खडी आणि मातीसह जाड थर एकत्र बांधायचा. तिथे सिमेंट योग्यच. सिमेंटच्या बेसला आयआरसी:३७ प्रमाणे ७ दिवसांची ताकद ४.५ ते ७ मेगापास्कल हवी, आणि त्यावर भेगा अडवणारा थर, सामी (ताण शोषणारा डांबरी पडदा) किंवा खडीचा, हवाच. तो खर्च वाचवण्यासाठी गाळला की रस्ता सहा-आठ मीटरवर आडवा तडकतो. तुमच्याकडे ८० ते ११० मिमी डांबरी माल आहे. एवढं डांबर असलेल्या मालाला सिमेंटने ताठ करणं म्हणजे त्याचा गुण मारणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कालव्यालगतचा १ किमी मात्र वेगळा काढा. ५५ ते ६५ मिमी म्हणजे सीबीआर ३ च्या आसपास. तिथे वरचा डांबरी माल मिल करून बाजूला साठवा, उघड्या पडलेल्या जुन्या खडी-मुरमाला जागेवरच थोडं सिमेंट देऊन १५० ते २०० मिमी सबबेस करा (ताकद १.५ ते ३ मेगापास्कल, यापेक्षा जास्त मुद्दाम नको), आणि त्यावर साठवलेला माल फोम करून परत टाका. सिमेंटच्या सबबेसवर फोमचा थर हा जोड आयआरसीत आहेच, आणि भेगा वर येण्याआधी फोमचा थर त्या पचवतो. त्याआधी कालव्याची पाझर अडवणारी खोल बाजूगटार. गटार नसेल तर हा सगळा खर्च करू नका, सरळ लिहून द्या.

खडीकरणाबद्दल एक सूचना. १५ टक्के डस्ट धरली की १५० मधले २२ मिमी तिचे झाले. म्हणजे जुन्यातले १२८ मिमीच कापायचे, त्यात १०० च्या आसपास डांबरी आणि २५-३० मिमी खडी. हे चांगलंच आहे. जुनी ४५-६३ मिमीची खडी वर्षानुवर्षांच्या वाहतुकीने घट्ट बसलीय. ती जितकी कमी हलवाल तितकी दबाईला खालून टणक टेकू मिळतो, आणि ड्रमचे दातही टिकतात. जिथे डांबरी थर ८० च आहे तिथे खडीतल्या जुन्या मुरमाचा पीआय बघा. १० च्या वर गेला तर त्या तुकड्यात सिमेंटऐवजी चुना.

---

ग्रेडर_रोलर

पावसाळ्याचा प्रश्न राहिला. फोमचा थर उघडा ठेवून पावसाळा काढायचा नाही, एवढं पक्कं. डीबीएम टाकायची अट म्हणजे थरातली ओल ओएमसीच्या निम्म्यावर, तुमच्यासाठी ३.२ टक्क्यांच्या खाली. एप्रिलच्या उन्हात ते आठवडा-दोन आठवड्यांत येतं. म्हणून मागून हिशोब करा: मृग लागायच्या आत सगळ्यावर डीबीएम हवं, तर शेवटचा फोमचा कट मेच्या पहिल्या आठवड्यात. पण मधे वळीव आहेत. दुपारी ढग भरून आले की सिमेंट पसरणं थांबवायचं, पसरलेलं असेल ते मिसळून लगेच दाबून मिटवायचं. दबाई पूर्ण झालेल्या थरावर वळीव पडला तर कॅम्बर असेल तिथून पाणी जातं, फारसं बिघडत नाही. सैल, मिसळलेल्या मालावर पडला तर तो माल वाळवून पुन्हा डांबर-सिमेंट घालूनच वापरावा लागतो.

कॅम्बर २.५ टक्के, साइडपट्टीला ३. वर ८० मिमी नवीन आणि डस्टचे २० धरले तर रस्ता १०० मिमी वर येतोय. साइडपट्टी त्याच दिवशी नको, पण डीबीएमनंतर लगेच भरा. आधी भरली तर फोमच्या थराला बाजूने पाणी सोडायला वाट राहत नाही. गावाच्या हद्दीत घरांची जोती आणि गटारं बघा, तिथे १०० मिमी मिल करून आधी उचलून न्यावं लागेल. तो माल फेकू नका, कालव्याच्या तुकड्यात कमी पडेल तिथे वापरा.

कारखान्याच्या फाट्यावर आणि वजनकाट्यासमोर, जिथे ट्रॉल्या जागेवर वळतात, तिथे संध्याकाळी रस्ता खुला करायच्या आधी एसएस-१ पाण्यात निम्मं पातळ करून हलका फवारा द्या. वर डस्ट शिंपडा, नाहीतर टायरला उचलून जाईल.

---

लॅब_कोपरा

तपासणीबद्दल. न्यूक्लिअर गेजने घनता मोजा, पण ओल त्यावरून लिहू नका. ते यंत्र हायड्रोजन मोजतं, आणि डांबरातही हायड्रोजन आहे. ओल नेहमी जास्त दाखवतं, मग कोरडी घनता कमी निघते, आणि चांगला थर नापास म्हणून पुन्हा पुन्हा रोलर फिरतो. प्रत्येक जागेचा नमुना ओव्हनमध्ये वाळवून ओल काढा आणि त्याने आकडा सुधारा. मॉडिफाइड प्रॉक्टरच्या (लॅबमध्ये ठरावीक ठोक्यांनी मिळालेली कमाल घनता) ९८ टक्क्यांखाली एकही जागा मान्य करू नका. सरासरी बघणार असाल तर खालच्या ५० मिमीतली घनताही वेगळी तपासा, कारण वरून घट्ट आणि तळाशी पोकळ असा थर लपून राहतो.

डांबराचं प्रमाण एक्सट्रॅक्शनने (मालातलं डांबर विरघळवून वेगळं काढून) तपासण्यात अर्थ नाही, जुनं आणि नवं वेगळं करता येत नाही. टँकरचं वजन आधी-नंतर आणि त्यात झालेले मीटर, हाच खरा आकडा. दर टँकरला तो काढून १८ किलोशी ताडा. फरक पाच टक्क्यांच्या वर गेला की मशीनची घनतेची सेटिंग किंवा कटची खोली चुकलीय. खोली प्रत्येक कटच्या दोन्ही कडांना सळईने बघा. एक बाजू मोकळ्या मालावर चालत असते, तिथे ड्रम हमखास खोल जातो.

रोज मशीनच्या मागून, रोलरच्या आधी, माल घ्या. बंद पिशवीत आणा आणि दोन तासांच्या आत साचे ठोका. सिमेंट आहे, संध्याकाळपर्यंत ठेवलेल्या मालाचा आयटीएस खोटा कमी येतो. कोअर (थरातून कापून काढलेला गोल नमुना) घाईने काढू नका: पहिले काही आठवडे फोमचा थर कोअरमध्ये अखंड निघतच नाही, आणि तुटलेला कोअर पाहून थर वाईट ठरवणं चुकीचं आहे. काढायचाच असेल तर पाणी कमी, वेग कमी, आणि १५० मिमी व्यासाचा बिट.

आणि पूर्ण ११ किमी सुरू करण्याआधी २०० मीटरचा ट्रायल तुकडा कालव्यापासून लांब, सरळ लांबीत घ्या. डस्ट १५ आणि २० टक्के, दोन्ही अर्धे अर्धे. तिथले ओले आयटीएस हातात आल्यावर टेंडरमधला डस्टचा आयटम दुरुस्त करून घ्या, कारण मूळ एस्टिमेटमध्ये तो धरलेला दिसत नाही, आणि नंतर कुणी पैसे देत नाही म्हणून डस्ट गाळली जाते.

---

सोलापूर_साईट

बरोबर, आयटम नाहीये. दरपृथक्करण करून या आठवड्यात मंजुरीला पाठवतो, सोबत कालव्याच्या तुकड्याचं गटारासह वेगळं एस्टिमेट. ट्रायलचे आकडे आले की इथेच टाकतो.